अँजेलिना ब्रेल रीडर: ठिपके पक्के, पण मराठी कच्ची

छापील ब्रेलचा फोटो द्या, मजकूर घ्या. रशियातल्या इल्या ओवोदोव यांनी बनवलेली ही मुक्त स्रोत प्रणाली एवढंच काम करते आणि बहुतांशी नीट करते. जुन्या पद्धतींत आधी ठिपके शोधून मग त्यांवर जाळी बसवायची असे. पान जरा वाकडं झालं की जाळी सरकलीच. इथे रेटिनानेट हे न्यूरल नेटवर्क (नमुने पाहून शिकणारी संगणकप्रणाली) आख्खा सहा ठिपक्यांचा कप्पाच ओळखतं, एकूण 63 प्रकार. प्रशिक्षणासाठीचा संच 240 फोटोंचा असला तरी मोबाइलवर तिरकस काढलेलं, कडेला वळलेलं पानही वाचलं जातं.

फोटो मात्र नीट हवा. ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर उंच. तो दिसतो तो सावलीमुळे. फ्लॅश बंद, दिवा एकाच बाजूने आणि खाली. दोन्ही बाजूंनी छापलेल्या पानात उठाव आणि खळगे यांतला फरक सावलीच्या दिशेवरूनच कळतो, म्हणून दोन बाजूंचे दोन दिवे लावले की घोळ झालाच. मागची बाजूही त्याच फोटोतून वाचण्याचा पर्याय आहे, तो स्वतः निवडावा लागतो.

बोटांनी वाचून दबलेली जुनी पुस्तकं हा खरा त्रास. कप्प्यातल्या ठिपक्यांना डावीकडे वरून खाली 1-2-3, उजवीकडे 4-5-6 असे क्रमांक असतात. म म्हणजे 1-3-4, च म्हणजे 1-4. तिसरा ठिपका चपटा झाला की 'माळ'ची 'चाळ' होते, आणि दोन्ही शब्द बरोबर असल्याने शुद्धलेखन तपासनीसही गप्प बसतो. अशी पानं वाचणाऱ्याच्या बोटाखालून गेलीच पाहिजेत.

भाषांच्या यादीत रशियन, इंग्रजी वगैरे आहेत. मराठीचा भारती ब्रेल (भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी) तक्ता नाही. इंग्रजी निवडून चालवलं तर गंमत होते. ण आणि अंकचिन्ह (पुढचं अक्षर अंक म्हणून वाचायची खूण) दोन्ही 3-4-5-6, तर ए आणि इंग्रजी ई (e) दोन्ही 1-5, आणि अंकचिन्हापुढचा e म्हणजे 5. त्यामुळे 'गणेश'मधल्या 'णे'चा थेट 5 होतो! म्हणून मजकुराऐवजी ब्रेल चिन्हांची फाइल घ्या आणि ती लिबलुई या मजकूर-ब्रेल रूपांतर करणाऱ्या मुक्त प्रणालीच्या मराठी तक्त्यातून उलट, म्हणजे ब्रेलकडून मजकुराकडे, फिरवा. त्यानंतरही जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा: भारती ब्रेलमध्ये हलन्ताचं चिन्ह (ठिपका 4) व्यंजनाच्या आधी येतं, नंतर नाही. मात्रा आणि स्वर यांचं चिन्हही एकच. 'कई' लिहिताना मध्ये अ घालतात, नाहीतर ते 'की' वाचलं जातं.

घ्यावं कोणी? ब्रेल न येणारे पालक, मुलांच्या वह्या तपासणारे विषयशिक्षक, जुनी पुस्तकं संगणकावर आणणारी ग्रंथालयं. ब्रेल सफाईने वाचणाऱ्या अंध वाचकाला याचा उपयोग कमीच. त्याची बोटं फोटो काढून होईपर्यंत पुढच्या पानावर असतात. ग्राफिक्स कार्डाशिवाय, साध्या संगणकावरही चालतं, फक्त प्रशिक्षित भारांची (नेटवर्कने शिकून साठवलेल्या आकड्यांची) फाइल वेगळी उतरवून ठरलेल्या फोल्डरात ठेवायला विसरू नका.