पोटॅशियम चॅनेलवरील ऑनलाइन अभ्यासक्रम: हृदयाला न्याय, मेंदूची घाई

सोडियम आत शिरला की पेशी उद्दीपित होते, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण ती पुन्हा विश्रांत अवस्थेला कशी येते, हा प्रश्न वर्गात सहसा एका वाक्यात उरकला जातो. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना ही उणीव मला सतत जाणवत आली आहे. या अभ्यासक्रमाने नेमका तोच प्रश्न, म्हणजे पेशीच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर सोडणाऱ्या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा (पोटॅशियम चॅनेल), केंद्रस्थानी ठेवला, म्हणून मी तो शेवटपर्यंत पाहिला.

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉडरिक मॅकिनन यांच्या गटाने १९९८ मध्ये उलगडलेल्या पोटॅशियम चॅनेलच्या रचनेवरील चलच्चित्र अप्रतिम आहे. सोडियमचा आयन (विद्युतभारित अणू) पोटॅशियमपेक्षा लहान, तरीही तो या चॅनेलमधून का जात नाही? पोटॅशियम आपल्याभोवतीचे पाण्याचे रेणू सोडतो आणि चॅनेलच्या सर्वांत अरुंद भागातील, म्हणजे चाळणीतील, ऑक्सिजन अणूंच्या कोंदणात चपखल बसतो. सोडियम लहान असल्यामुळे त्या सर्व अणूंशी त्याची पुरती जवळीक होत नाही आणि पाणी सोडणे त्याला परवडत नाही. हे दृश्य मी तीनदा मागे नेऊन पाहिले.

हृदयाच्या भागात एचईआरजी या हृदयपेशींतील पोटॅशियम चॅनेलची मांडणी तितकीच सकस आहे. तो अडला की पोटॅशियम बाहेर पडण्यास विलंब होतो, ईसीजीवरील क्यूटी अंतर (हृदयाचे मुख्य कप्पे उद्दीपित होऊन पुन्हा विश्रांत होण्यास लागणारा वेळ) लांबते आणि ठोक्यांची जीवघेणी अनियमितता उद्भवू शकते. टर्फेनाडीन हे पूर्वी वापरात असलेले ॲलर्जीवरील औषध कीटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधासोबत घेतल्यास यकृतात त्याचे विघटन रोखले जाते, रक्तातील प्रमाण वाढते आणि हाच चॅनेल बंद पडतो, हे उदाहरण सावकाश, आलेखासह समजावले आहे. नवीन औषधांची या चॅनेलवर आधीच चाचणी का घेतात, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही.

मेंदूच्या वाट्याला मात्र एकच घाईचे व्याख्यान आले आहे. केसीएनक्यू२ व केसीएनक्यू३ या जनुकांतील दोषांमुळे नवजात बाळांना झटके येऊ शकतात, एवढे सांगून विषय संपतो. या जनुकांपासून बनणारे पोटॅशियम चॅनेल चेतापेशीला वारंवार उद्दीपित होण्यापासून आवरतात, हा गाभाच निसटला आहे. त्यांच्याच कुळातील केसीएनक्यू१ जनुकाचा चॅनेल हृदयात आणि अंतर्कर्णात काम करतो. त्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास लांबलेल्या क्यूटीसोबत जन्मजात बहिरेपणही आढळते. हा धागा जोडला असता, तर दोन्ही भाग आपोआप एकत्र आले असते.

हृदयासाठी हा अभ्यासक्रम मी विद्यार्थ्यांना निःसंकोच सुचवीन. मेंदूचा भाग मात्र वर्गात स्वतःच शिकवीन.