लिग्निन छाटायचं की फेरुलेटचे टाके उसवायचे?

गवताच्या काडीतली साखर एन्झाइमांना सहज मिळावी म्हणून जनुकात बदल करायचा, तर हात लिग्निनला, म्हणजे पेशीभित्तिका ताठ करणाऱ्या द्रव्याला, घालावा की फेरुलिक आम्लाला (भित्तिकेत जोडलेलं त्याचं रूप म्हणजे फेरुलेट)? संशोधनाचा विषय ठरवणारे विद्यार्थी हे वारंवार विचारतात. मी दोन्हींवर काम करून एक निवडलं आहे, तेव्हा माझं मत थोडं झुकलेलं असणार, हे धरून वाचा.

पुराव्याचं वजन लिग्निनकडे जास्त आहे. ओक्लाहोमातल्या नोबल फाउंडेशनच्या गटाने स्विचग्रास या उंच गवतातलं सीओएमटी हे लिग्निन बनवायला लागणारं जनुक आरएनएआयने (जनुकाचा आवाज दाबण्याच्या तंत्राने) दाबलं आणि २०११ मध्ये निष्कर्ष मांडले: साखरेपासून मिळणारं इथेनॉल ३८ टक्क्यांपर्यंत वाढलं, एन्झाइमही बरंच कमी लागलं. पुढे टेनेसीत प्रत्यक्ष शेतातही फायदा टिकला. फ्लोरिडात उसामध्ये टॅलेन हे जनुक नेमक्या जागी कापणारं साधन वापरून याच जनुकाच्या शंभरावर प्रती बदलल्या गेल्या; उसाचा जनुकसंच ज्याने हाताळला आहे त्याला ही केवढी मजल आहे ते कळेल. शिवाय मक्यातली तपकिरी शिरेची झाडं, ज्यांत लिग्निन मुळातच कमी असतं, १९२४ पासून, मिनेसोटातल्या नोंदीपासून, माहीत आहेत.

मला मात्र एका गोष्टीने हैराण केलं. झाड उभं राहीना. बदललेल्या झाडांच्या ज्या लाइनमधून (वंशातून) साखर सर्वांत जास्त सुटायची, नेमक्या तिच्याच काड्या ग्रीनहाऊसमध्ये पाणी देताना कलायच्या, आणि कणीस भरलं की पेरापाशी वाकायच्या. मग बांबू, दोऱ्या. आडवी पडलेली काडी पुन्हा वर वळते, तेव्हा वळणापाशी भित्तिका तशीच राहिली असेल का, ही शंका माझी कधी गेली नाही. लिग्निन आणखी उतरवलं की पाणी वाहणाऱ्या नळ्या पिचकतात आणि झाड खुजं राहतं. मधली लाइन निवडून हे सांभाळता येतं, अनेकांनी सांभाळलंही आहे. पण मग वेळ भित्तिकेपेक्षा तो मध्य शोधण्यातच जातो.

फेरुलिक आम्लाचं काम वेगळं. गवतात ते अरॅबिनोझायलन या भित्तिकेतल्या शर्करेच्या साखळ्यांना टाक्यांसारखं एकमेकींशी आणि लिग्निनशी जोडून ठेवतं. हे टाके कमी केले तर लिग्निनला हात लावावाच लागत नाही. २०१८ मध्ये ब्राझीलच्या एम्ब्रापा आणि इंग्लंडच्या रॉथमस्टेडच्या संशोधकांनी सेटारिया व्हिरिडिसमध्ये, म्हणजे आपल्या राळ्याच्या रानटी पूर्वजात, फेरुलेट जोडणाऱ्या बीएएचडी कुळातलं एक जनुक दाबलं. काडीतलं फेरुलेट साधारण ६० टक्क्यांनी घटलं, परिणाम चार पिढ्या टिकला, साखर ४० ते ६० टक्के जास्त सुटली. एकूण लिग्निन घटलं नाही आणि झाडाचं वजनही. माझ्या कुंड्यांतही असंच दिसलं: बोटांनी वाकवून पाहिली तर काडी साध्या झाडाइतकीच ताठ. हे काही मोजमाप नव्हे, पण आधारासाठी बांबू मला पुन्हा लावावे लागले नाहीत.

त्रास इथेही आहे. ब्रॅकिपोडियम या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या गवतात तेच जनुक दाबलं तर फेरुलेट फारच थोडं घटलं, बहुधा दुसरी जनुकं ते काम उचलतात. त्यामुळे कोणतं गवत घेता यावर बरंच अवलंबून आहे. सेटारियाचे दाणे पिकले की झडतात, कणसाला पिशवी बांधावीच लागते. फेरुलेट मोजायला अल्कलीने सोडवून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चालवावं लागतं. जवळ ते यंत्र नसेल, तर केवळ त्या कारणासाठीही लिग्निन निवडणं शहाणपणाचं ठरू शकतं.

ज्वारीच्या कडब्याची पचनीयता हाच हेतू असेल तर मीही लिग्निनकडेच पाठवेन. तपकिरी शिरेची ज्वारी तयार आहे, बाहेरचं जनुक घालायची गरज नाही, आणि आपल्याकडच्या परवानग्यांचा प्रश्नही त्यामुळे हलका होतो. पण भित्तिका नेमकी कशाने घट्ट धरली जाते हे समजून घ्यायचं असेल आणि हाताशी सेटारिया असेल, तर फेरुलेटपासून सुरुवात करा.