शॉकअप बदलले म्हणे! ४०७ वाल्यांनो, हे वाचून मग गॅरेजात जा

ज्या गॅरेजवाल्याने मला शॉकअपांत, म्हणजे चाकांचे धक्के जिरवणाऱ्या पार्टात, फसवलं त्याच्या गॅरेजचं नाव लिहीत नाही. त्याने वकिलाकरवी अब्रुनुकसानीची भाषा केली आहे, आणि त्या वकिलाची फीसुद्धा माझ्याच पैशांतून गेली असणार. पुणे-नाशिक रस्त्यालगतचं आहे, दारात कायम चार-पाच गाड्या उभ्या असतात, एवढं पुरे. अशी गॅरेजं कुठेही सापडतील.

माझा २००७ चा छोटा मालट्रक, टाटा ४०७. मीच मालक, मीच ड्रायव्हर. जुन्नर भागातून टोमॅटोचे क्रेट वाशीला नेतो. २०२४ च्या श्रावणात शॉकअप संपले होते, त्यात काही खोटं नाही. पुढच्या डाव्या शॉकअपातून ऑइल गळत होतं, ब्रेक दाबला की गाडी तोंड खाली घालायची, मागे सतत खडखड. त्यात पासिंगची, म्हणजे परिवहन कार्यालयातल्या गाडीच्या तपासणीची, तारीख जवळ आलेली. मिस्त्री म्हणाला, "काका, चारही टाका. पुढे गॅसचे देतो, पुन्हा बघायला नको." जोडीनेच बदलायचे असतात हे मलाही ठाऊक आहे, त्यामुळे त्यात वावगं वाटलं नाही.

हिशेब असा. पुढचे दोन २,८५० प्रमाणे ५,७००. मागचे दोन २,४५० प्रमाणे ४,९००. रबर बुश ६४०, मजुरी १,८००. एकूण १३,०४०. जुन्या शॉकअपांचे भंगार म्हणून ३०० वजा, म्हणजे १२,७४०. पक्कं बिल हवं तर चार शॉकअपांवर तेव्हाचा २८ टक्के जीएसटी वेगळा, म्हणजे २,९६८ रुपये आणखी. मी म्हटलं राहू दे. कोण घेतो हो गॅरेजात पक्कं बिल? ज्याने ज्याने घेतलं असेल त्याने खुशाल मला शहाणपण शिकवावं. ८,००० क्यूआरवर दिले, त्यावर भलत्याच बाईचं नाव आलं. "घरचंच खातं आहे." उरलेले ४,७४० रोख.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. पुढचा 'नवा' शॉकअप खोक्यातून काढला, दाबून पट्टीने बांधलेला. पट्टी कापली. गॅसचा शॉकअप असेल तर पट्टी सुटताच दांडा आपोआप सरकत बाहेर येतो, आतला दाब त्याला ढकलतोच. हा जागचा हलला नाही. मी उभा होतो. मी बघितलं. विचारलंसुद्धा, "हा वर का येत नाही?" तर म्हणाला, "काका, नवीन आहे, सीट व्हायला वेळ लागतो." आणि हाताने ओढून बसवूनही टाकला. शिवाय शॉकअपच्या नळीला, म्हणजे डब्याला, हात लावला तर बोटाला काळा रंग लागला. नव्या मालाचा रंग ओला कसा असेल? पण खाली चिखल, बाहेर पाऊस, शेतावर माल तोडून पडलेला, वाशीला पहाटेच्या आत पोचायचं. अशा वेळी माणूस मिस्त्रीची उलटतपासणी घेत बसत नाही. आणि मागचे दोन त्याने रात्री बसवले, मी घरी गेल्यावर.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे मी इतके दिवस गप्प कसा होतो ते कळेल. वजन कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उचलतात. शॉकअप फक्त पाट्यांची उसळी आवरतो. शॉकअपच्या टोकांचे रबरी बुश मात्र खरोखर नवे होते, त्यामुळे खडखड थांबली, गाडी शांत झाली, आणि शांत झाली म्हणजे नीट झाली असं कोणालाही वाटेल. रिकाम्या गाडीत तर काहीच कळत नाही. माळशेज घाटात भरलेली गाडी वळणावर डुलायला लागली तेव्हा शंका आली. मग पुढच्या टायरांवर हात फिरवला. जागोजागी खळगे पडलेले, चाक रस्त्यावर उड्या मारत होतं त्याची खूण. दोन्ही टायर गेले, १६,४०० रुपये. वाशीच्या व्यापाऱ्याने दबलेल्या मालाचे १,१५० कापले ते वेगळेच.

दुसऱ्या मिस्त्रीकडे चारही खोलून घेतले. पुढचे दोन कोणाचे तरी जुने. डब्याला भोक पाडून ऑइल भरलेलं, वर वेल्डिंगचा ठिपका, घासून रंग, त्यावर स्टिकर. आणि मागचे दोन? रंग खरवडला तर डाव्याच्या तळाशी माझ्याच छिन्नीचा घाव निघाला, पूर्वी गंजलेला नट तोडताना बसलेला. माझेच शॉकअप रंगवून मलाच ४,९०० ला विकले. वर त्यांचं भंगारही वजा करून दाखवलं!

जुने पार्ट सोडू नका. भंगाराचे तीनशे गेले तरी चालतील, जुना माल केबिनमध्ये टाकून घरी न्या.

पोलीस ठाण्यात गेलो. "बिल?" माझ्याकडे वहीचं पान, त्यावर '४०७ – १२७४०' आणि एक फराटा. मी म्हटलं, चारशे वीस लावा. हवालदार म्हणाला, "आता चारशे वीस नाही, तीनशे अठरा झालंय." कलम बदललं १ जुलै २०२४ पासून, तेवढं पाठ होतं, तक्रार मात्र घेतली नाही. म्हणे हा दिवाणी मामला. खोट्या स्टिकरचं म्हटलं तर, "ते कंपनीने सांगायचं, आणि छापा टाकायचा तर उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो, त्याआधी ट्रेडमार्क निबंधकाचं मत लागतं." असेल कायद्यात तसं. पण मग माझा अर्ज पोच देऊन ठेवून घ्यायला काय लागतं? पोचही नाही. परिवहन कार्यालयात गेलो तर गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही. अहो, ह्याच रंगवलेल्या शॉकअपांवर तुम्ही माझं पासिंग करून दिलंत! दिवे बघितले, रिफ्लेक्टर बघितले, गाडीखाली कोणी वाकलंही नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. एकाने दुसऱ्याकडे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक खेपेला माझं भाडं बुडतंय ते कोणाच्या हिशेबातच नाही.

शेवटी ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षं. १९१५ या हेल्पलाइनवर आधी नोंद करा. गॅरेजवाल्याच्या वकिलाचं उत्तर काय, तर गाडी भाड्याने चालते, सबब तुम्ही ग्राहकच नाही. असं पत्र आलं तर घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यापुरता धंदा असेल तर २०१९ च्या कायद्यात तो 'व्यावसायिक हेतू' धरत नाहीत. स्वतः गाडी चालवता हे दाखवणारे कागद जपा.

स्टिकरवर जाऊ नका, डब्यावर ठोकलेला नंबर बघा. किल्लीने रंग खरवडा, मिस्त्रीला राग आला तर येऊ द्या. खोक्यावर एमआरपी, महिना-वर्ष आणि बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर हातही लावू नका. क्यूआरवर दुकानाचं नाव नसेल तर पैसे पाठवू नका. आणि गाडी रात्रभर सोडू नका, सोडायचीच असेल तर खाली शिरून पार्टचे फोटो काढून ठेवा.

अधिकृत डीलरकडून चार नवे पक्क्या बिलासकट ९,३६० ला मिळाले, जीएसटी धरून. बसवायचे १,२००. माझा एकूण चुराडा ४०,८५०.

परवा गॅरेजवाल्याचा मध्यस्थ आला होता. पाच हजार घ्या आणि तक्रार मागे घ्या म्हणतो. पाच हजारांत माझं एक टायरसुद्धा येत नाही. त्याला सांगितलं, पूर्ण रक्कम आण, आणि या वेळी पक्क्या पावतीवर.