कामिनोवरची बॅग-पोच सेवा: ओझं उचलतात चोख, पत्ता वाचतात अर्धा

उत्तर स्पेनमधून सान्तियागोला जाणारी जुनी यात्रेची वाट म्हणजे कामिनो. ती पायी चालणाऱ्यांसाठी एक सोय आहे. सकाळी आठच्या आत आपली सॅक मुक्कामाच्या जागी दाराजवळ ठेवायची, पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन चालू पडायचं. मागून व्हॅन येते, सॅक उचलते आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास पुढच्या मुक्कामी टाकते. एका टप्प्याचे साधारण पाच ते सात युरो. सारियाच्या पुढे, म्हणजे शेवटच्या शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये, हाच दर आणखी खाली येतो, कारण तिथे यात्रेकरूंची रांगच लागते. यात्रा केल्याचं प्रमाणपत्र मिळायला निदान शंभर किलोमीटर चालावं लागतं, त्यामुळे निम्मं जग सारियापासूनच चालायला लागतं. सामान पोचवणाऱ्या खासगी कंपन्या बऱ्याच आहेत आणि स्पेनचं टपाल खातंही हे काम करतं. आम्ही वापरली ती एक खासगी कंपनी. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते एकट्या तिच्यापुरतं नाही.

माझी उभी नोकरी आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत गेली, भुसावळला. रात्रपाळीत, हलत्या डब्यात उभं राहून टपाल खान्याखान्यांत टाकायचं. त्यामुळे एखाद्या बॅगेला चिठ्ठी लटकताना दिसली की माझी नजर आधी पत्त्यावर जाते. हा रिव्ह्यू त्या नजरेने लिहिला आहे. ज्यांना फक्त ‘सेवा चांगली आहे का’ एवढंच हवंय त्यांच्यासाठी: हो, चांगली आहे, सौ.चा गुडघा तिच्याच जिवावर सान्तियागोपर्यंत पोचला. पाचपैकी साडेतीन.

उरलेला दीड कुठे गेला ते सांगतो.

कारिओन दे लोस कोंदेस सोडलं की सतरा किलोमीटर वाटेत एक गाव नाही. सरळसोट रस्ता, दोन्हीकडे गव्हाची शेतं, सावली नाही. ते संपलं की एकदम खड्ड्यात लपल्यासारखं एक गाव येतं, काल्थादिया दे ला क्वेथा. तिथे आम्ही कॉफी घेतली आणि आणखी नऊ-दहा किलोमीटर पुढे तेरादियोस दे लोस तेंप्लारियोसला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम होता काल्थादिया दे लोस एर्मानियोस. साआगून ओलांडल्यावर उजवीकडे जुना रोमन रस्ता फुटतो, त्याच्यावर हे गाव. म्हणजे एक काल्थादिया मागे, एक काल्थादिया पुढे, आणि मधे आम्ही.

मुलीने ऑनलाइन फॉर्म भरताना गावाचं नाव शेपटीसकट लिहिलं होतं. कंपनीच्या यंत्राने छापलेली चिठ्ठी सकाळी सॅकेला लटकवायच्या पाकिटाला अडकवली तेव्हा मी ती वाचली. वर ठळक अक्षरात ‘काल्थादिया’, आणि बस्स. पुढचा सगळा भाग छापताना कापला गेलेला. खाली आमच्या आल्बेर्गेचं, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागेचं नाव होतं, पण मुंगीच्या अक्षरात, आणि नेमकी त्याच्यावर पाकिटाची घडी. मी सौ.ला म्हटलं, ‘‘ही बॅग मिससेंट होणार, भलत्याच गावी जाणार.’’ ती म्हणाली, ‘‘अहो, रिटायर झालात ना? चला आता.’’ मी पेनाने वर ‘एर्मानियोस’ लिहिलं. पण व्हॅनवाला यादी बघतो ती मोबाइलवर, चिठ्ठीवर नाही, आणि यादीतही तोच कापलेला शब्द होता.

रोमन रस्त्यावर तासन् तास दगडगोटे तुडवून तीनच्या सुमारास पोचलो. बाकी सगळ्यांच्या सॅका भिंतीला टेकून उभ्या, आमची नाही. त्या सॅकेत रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा आणि सौ.ने भुसावळहून आणलेला मेतकुटाचा डबा. आल्बेर्गेच्या बाईंनी नाव विचारलं, चिठ्ठीची आमच्याकडची प्रत पाहिली, ‘क्वेथा, क्वेथा’ म्हणत मान हलवली आणि सरळ मागच्या काल्थादियातल्या बारला फोन लावला. बॅग तिथेच, काउंटरखाली. म्हणजे सकाळी आम्ही पश्चिमेला निघालो आणि आमची सॅक पूर्वेला परत गेली. बाईंना हे नवीन नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. कुरकुर नाही, घाई नाही, नंबर तोंडपाठ.

संध्याकाळी उन्हं उतरताना व्हॅन आली. ड्रायव्हरने स्वतः सॅक आत आणली, दोनदा माफी मागितली, दुसऱ्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. माणसांबद्दल तक्रार शून्य. तक्रार आहे ती ज्याने तो फॉर्म बनवला त्याच्याबद्दल. पत्त्याची जागा एवढी तोकडी ठेवणाऱ्याला उत्तर स्पेनमधली गावं माहीत नसावीत.

कारण इथे पहिलं नाव म्हणजे काहीच नाही. व्हियाफ्रांका घ्या. याच वाटेवर दोन आहेत. एक व्हियाफ्रांका मोंतेस दे ओका, बुर्गोसच्या अलीकडे. गावाच्या मधून हायवे जातो, ट्रक अंगावर आल्यासारखे वाटतात, आणि गाव संपताच ओकाच्या डोंगराची खडी चढण. आज झोपाळू दिसणाऱ्या या भागात एके काळी बिशपची गादी होती, ती 1075 मध्ये बुर्गोसला हलली. दुसरं व्हियाफ्रांका देल बिएर्थो, लेओन प्रांताच्या पश्चिम टोकाला, गालिसियाची चढण सुरू होण्याआधी. ते देखणं गाव आहे. तिथल्या सान्तियागो चर्चला ‘क्षमेचं दार’ आहे. आजारी पडून पुढे जाणं ज्यांच्या अंगात उरलं नाही अशा यात्रेकरूंना या दारातच पूर्ण यात्रेचं पुण्य मिळायचं. सौ. त्या दारासमोर बराच वेळ उभी होती, गुडघ्याशी तिचा हिशेब चालला असावा. शेवटी ‘‘नको, अर्ध्यात नको’’ म्हणाली आणि निघाली. या दोन व्हियाफ्रांकांत तीनशेच्या वर किलोमीटर अंतर आहे. पायी गेलात तर दोन आठवडे.

तिसरं व्हियाफ्रांका नावार्रात आहे, कामिनोपासून दूर दक्षिणेला, आणि त्याला शेपूट लावलेलंच नाही. चौथं बास्क प्रदेशात होतं. त्याने हे नाव टाकून दिलं आणि आता ते ओर्दिथिया म्हणून ओळखलं जातं. तिथला बुधवारचा बाजार 1512 पासूनच्या राजपरवान्यावर चालतो. एवढी व्हियाफ्रांका का, याचं कारण व्यवहारी आहे. अकराव्या-बाराव्या शतकात राजांनी या वाटेवर वस्ती वाढवायला करमाफी दिली, फ्रान्सकडचे व्यापारी आणि कारागीर येऊन राहिले आणि अशा वस्त्यांना सगळीकडे तेच नाव पडलं. योजना एक, नाव एक.

पुएंते ला रेइनाची तर आणखी गंमत. नावार्रातलं पुएंते ला रेइना प्रसिद्ध आहे, अकराव्या शतकातल्या त्याच्या दगडी पुलाचा फोटो प्रत्येक माहितीपुस्तकात असतो. पण आरागोनमध्ये, हाका शहराच्या पश्चिमेला, पुएंते ला रेइना दे हाका आहे. आणि आरागोनमधून येणारी वाट या दुसऱ्या पुएंते ला रेइनाच्या जवळून जाऊन शेवटी पहिल्या पुएंते ला रेइनाशी मुख्य वाटेला मिळते! आमच्या वेळच्या सॉर्टरला रात्री दोन वाजता हे सांगितलं असतं तर त्याने राजीनामा लिहिला असता.

स्पेनच्या सरकारलाही हा घोळ कळला होता. 1916 साली शाही फर्मान काढून 573 नगरपालिकांची नावं बदलण्यात आली, बहुतेकांना नुसतं आडनाव चिकटवलं. नदीचं, डोंगराचं, जवळच्या शहराचं, मुलखाचं. आपल्याकडे पिंपळगाव बसवंत, वडगाव मावळ, झालंच तर बुद्रुक आणि खुर्द, तोच प्रकार. फरक एवढाच की आपल्याकडे बोलताना लोक आडनाव गाळत नाहीत. नाशिकच्या बसस्टँडवर ‘पिंपळगावचं तिकीट’ मागा, कंडक्टर वर बघतोच. स्पेनमध्ये स्थानिक माणूस बिनधास्त ‘व्हियाफ्रांका’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी दुसरं नाहीच. परक्या यात्रेकरूला मात्र दोन्ही आहेत.

यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे: पोस्टाचा कोड. स्पेनचा कोड पाच आकडी असतो आणि पहिले दोन आकडे प्रांताचे. त्यांनी प्रांत अकारविल्हे लावून क्रमांक दिले, त्यामुळे बुर्गोस 09, वेस्का 22, लेओन 24, नावार्रा 31, पालेन्थिया 34. आता आमचंच बघा. क्वेथावालं काल्थादिया पालेन्थियात, म्हणजे 34. एर्मानियोसवालं लेओनमध्ये, म्हणजे 24. चिठ्ठीवर नुसते हे दोन आकडे असते तर सॅक उलटी गेलीच नसती. दोन व्हियाफ्रांका, 09 आणि 24. दोन पुएंते ला रेइना, 31 आणि 22 (हाकावालं वेस्का प्रांतात येतं). एकही जोडी अडत नाही.

आपल्याकडचा पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला आला तो याच दुखण्यावर, एकाच नावाची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी, आणि संस्कृतमधले कवी. आमच्या सॉर्टिंगच्या खोलीत जुने लोक सुरुवातीला पिनकोडवर नाकं मुरडायचे असं ऐकलंय. मी लागलो तोवर पिन नसलेलं पाकीट हातात आलं की शिव्या पडायच्या. कामिनोवरच्या कंपन्यांनी फॉर्ममध्ये कोडचा रकाना सक्तीचा करावा, एवढीच माझी लेखी सूचना. त्यांना ईमेलही केलं. उत्तर आलं, गोड आहे, ‘नोंद घेतली’ या जातीचं.

बाकी वापरणाऱ्यांसाठी काही गोष्टी. सरकारी किंवा दानावर चालणाऱ्या आल्बेर्गेत बॅगा बऱ्याचदा घेत नाहीत, तिथे शेजारच्या बारचं नाव द्यावं लागतं. गालिसियात हे हमखास. सुटे युरो जवळ ठेवा, पाकिटात रोख टाकायची पद्धत अजून आहे आणि व्हॅनवाला सुटे परत द्यायला थांबत नाही. वजनाची मर्यादा बहुतेकांकडे पंधरा-वीस किलो असते. काट्यावर घालून कुणी बघितलं नाही, पण उचलताना ड्रायव्हरचा चेहरा बघून आम्हीच सौ.चे जास्तीचे बूट टाकून दिले. औषधं, पासपोर्ट आणि पैसे मोठ्या सॅकेत ठेवू नका. आम्ही त्या दिवसानंतर गोळ्या खांद्यावरच्या पिशवीत ठेवल्या, मेतकूट मात्र व्हॅननेच येत राहिलं.

सारियाच्या पुढे सगळं घड्याळासारखं चाललं. एकेका आल्बेर्गेच्या दारात तीस-चाळीस सॅका रंगीत पाकिटं लटकवून उभ्या, आणि तिथला मुलगा नुसतं पाकीट बघून भराभर वेगळ्या करत होता. मी दहा मिनिटं त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. हात चांगला होता पोराचा. फक्त चिठ्ठ्या सरळ रेषेत लावत नव्हता, आमच्या इन्चार्जने खपवून घेतलं नसतं.

चिठ्ठी लावताना मोठ्या अक्षरात गावाचं पूर्ण नाव, त्याखाली पाच आकडी कोड, त्याखाली आल्बेर्गे, आणि घडी पडणार नाही अशी बाजू बाहेर. आदल्या रात्रीच फोनवर पूर्ण नाव सांगून यादीत काय छापलंय ते वाचून दाखवायला सांगा. इंग्रजी बोलणारं कुणी ना कुणी असतं. हे केलंत तर माझ्या साडेतीनचे तुम्ही साडेचार द्याल.