पाषाण, तारामणी की रायदुर्ग? डीप-टेक (विज्ञान-संशोधनावर उभ्या) कंपनीचं बिऱ्हाड कुठे मांडायचं

ॲप बनवणाऱ्याला लॅपटॉप आणि वायफाय पुरतं, मग ऑफिस बाणेरला असो की बार्शीला. ज्यांच्या कल्पनेला रसायनं, पेशी, धातूची भुकटी नाहीतर इंजिन लागतं, त्यांचं तसं नसतं. पीएचडी आटपून किंवा नोकरी सोडून कंपनी काढणाऱ्यांपुढे हा प्रश्न येतोच: पुण्यातच राहावं, की चेन्नई-हैदराबाद गाठावं? तिन्हीकडे 'ओपन कोलॅबोरेशन' (खुलं सहकार्य) हाच शब्द ऐकू येतो, पण अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे.

पुण्यातल्या पाषाणपासून सुरुवात करतो, कारण हे घरचं. एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, १९५० ची, तिला लागून २००६ ची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, जवळच पंचवटीत इलेक्ट्रॉनिक्सच्या मटेरियलवर काम करणारी सी-मेट आणि संगणकावर काम करणारी सी-डॅक. 'इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट' म्हणून हा पट्टा कुणी आखला नव्हता, तो आपसूक जमला. एनसीएलच्या आधारानं २००७ मध्ये सुरू झालेलं व्हेंचर सेंटर हे इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना जागा, यंत्रं, सल्ला देणारं केंद्र) त्याचा फायदा नवउद्योजकांपर्यंत पोचवतं. रसायन, मटेरियल, जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय उपकरणं ही त्याची खरी ताकद. इथल्या सहकार्याचा अर्थ सरळ आहे: यंत्र सामायिक, आणि त्या यंत्रामागचं डोकंही. रेणूची रचना दाखवणारं एनएमआर मशीन नव्या कंपनीनं विकत घेणं म्हणजे वेडेपणाच. इथे नमुन्याची नळी हातात धरून शेजारच्या इमारतीत जाता येतं. आलेखावर नको तिथे शिखर दिसलं, तर मशीनवरची बाई तिथल्या तिथे सांगते, "सॉल्व्हंट नीट उडवला नाहीत." हेच ई-मेलवर कळायला पंधरा दिवस जातात, आणि तोवर तुम्ही चुकीच्या रेणूमागे धावत असता.

पैशांचंही बघा. जैवतंत्रज्ञानातली कल्पना असेल तर 'बायरॅक' या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेचं 'बिग' अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, मुदत साधारण दीड वर्ष, आणि व्हेंचर सेंटर त्यातलं भागीदार आहे. शिवाय चार नग कातून देणारा भोसरीच्या कारखान्यांत सापडतो. कागदावरचं रेखाटन बघून "हा कोपरा असा निघणार नाही साहेब" म्हणणाऱ्या कारागिराची किंमत कुठल्याच माहितीपत्रकात छापलेली नसते. उणीव एवढीच, की मोठ्या कंपन्या इथे त्याच आवारात बसलेल्या नाहीत. गिऱ्हाईक तुम्हालाच शोधावं लागतं.

नेमकी हीच उणीव चेन्नईच्या तारामणीत भरून निघते. आयआयटी मद्रासचा रिसर्च पार्क २०१० पासून सुरू आहे आणि त्यामागे प्रा. अशोक झुनझुनवाला यांची चिकाटी आहे. तिथला नियम मला फार आवडतो: जागा घेणाऱ्या कंपनीनं नुसतं भाडं भरून चालत नाही, 'क्रेडिट' कमवावे लागतात. विद्यार्थ्यांना इंटर्नशिप द्या, प्राध्यापकांचा सल्ला घ्या, संस्थेला संशोधन प्रकल्प द्या, म्हणजे ते जमा होतात. ओळखी व्हाव्यात म्हणून कॉफीच्या भरवशावर न राहता त्यांनी सहकार्य करारातच घातलं. फळं दिसतात. इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर एनर्जी २०१३ मध्ये याच परिसरात उभी राहिली. रॉकेट बनवणारी अग्निकुल २०१७ मधली. तिनं ३० मे २०२४ ला श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या 'अग्निबाण सॉर्टेड' रॉकेटचं इंजिन थ्री-डी प्रिंटरवर अख्खं एका तुकड्यात छापलेलं होतं. ज्वलनावर संशोधन करणारं केंद्र त्याच आयआयटीत असणं आणि तिथले प्राध्यापक संस्थापकांत असणं, हे उगाच जुळून आलेलं नाही.

हैदराबादचं थोडक्यात. रायदुर्गातली टी-हब या स्टार्टअप इनक्युबेटरची इमारत (२०२२) प्रचंड आहे. गुंतवणूकदार, मोठ्या कंपन्यांचे लोक, कार्यक्रम, सगळी वर्दळ तिथे. पण हार्डवेअरवाल्यानं बघावं ते टी-वर्क्स. २०२३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यशाळेत पहिला नमुना बनवायची सोय एका छपराखाली आहे. ओल्या प्रयोगशाळेचं (रसायनं, पेशी हाताळायचं) काम असेल, तर मात्र तिथली झगमग बघून भुलू नका.

मुंबईची पवई राहिलीच. ड्रोन किंवा चिपकडे ओढा असेल तर आयआयटी मुंबईचं 'साइन' हे इनक्युबेटर (२००४) आधी बघा. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथलीच. घरभाड्याचं काय ते मुंबईकरांनाच विचारा.

माझा कौल: रेणू, पॉलिमर, निदान-किट असेल तर पाषाण सोडू नका. बॅटरी, इंजिन, यंत्र असेल आणि तमिळ शिकायची तयारी असेल, तर तारामणी. प्रॉडक्ट जवळजवळ तयार आहे, फक्त त्याचं बाहेरचं आवरण आणि गिऱ्हाईक हवंय, तर रायदुर्ग.

कुठेही गेलात तरी कँटीनमध्ये तोंड उघडण्यापूर्वी पेटंटचा प्रोव्हिजनल (प्राथमिक) अर्ज टाका. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. करारावर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: संस्थेच्या यंत्रावर निघालेल्या शोधाचा मालक कोण, आणि तुम्हाला हवं असलेलं मशीन पुढचे तीन महिने किती दिवस मोकळं आहे. जागा दाखवायला आलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला घुटमळला, तर त्या मशीनच्या खोलीबाहेर लावलेलं बुकिंगचं रजिस्टर स्वतः चाळून या.