ओसोग्बो की इले-इफे?

ब्राझील, क्युबा किंवा अमेरिकेतून आपली योरुबा (पश्चिम आफ्रिकेतला एक समाज) मुळं शोधत येणाऱ्यांपुढे नैऋत्य नायजेरियात हा प्रश्न हमखास उभा राहतो. दोन्ही गावं ओसुन राज्यातच, पण अनुभव अगदी वेगळा.

ओसोग्बोचं, ओसुन या नदीदेवीचं पवित्र वन सुमारे 75 हेक्टरांचं, 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. आत नदी, झाडी आणि ऑस्ट्रियात जन्मलेल्या सुझान वेंगर यांनी स्थानिक कारागिरांसोबत घडवलेली विलक्षण शिल्पं. ऑगस्टच्या उत्सवात ‘अरुग्बा’ ही कुमारिका नैवेद्याचा भोपळा डोक्यावर घेऊन नदीकडे निघते, मागे सगळं गाव. ब्राझीलच्या कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्मात ‘ओशुम’ला पुजणाऱ्याला इथे काही समजावून सांगावं लागत नाही, देवी तीच, नावही जवळपास तेच. मात्र नदीचं पाणी पिऊ नका. वरच्या अंगाला सोन्याचं खाणकाम चालतं, त्याने ते गढूळ झालंय. भाविक तरीही बाटल्या भरतात, तो भाग वेगळा.

इले-इफे, थोडक्यात इफे, म्हणजे योरुबांच्या मते सृष्टीचा आरंभ, त्यांचा आद्य पूर्वज ओदुदुवा उतरला ती जागा. ऊनींचा, म्हणजे इफेच्या राजांचा, राजवाडा, सुमारे साडेपाच मीटर उंचीचा ओरान्मियान स्तंभ. 1938 मध्ये इथेच सापडलेल्या धातूच्या मस्तकांपैकी एक मात्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आपल्याला कोहिनूर आठवणारच!

इफा या योरुबा भविष्यकथन पद्धतीच्या दैवज्ञांकडून दीक्षा घ्यायची असेल तर इफे गाठा. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी ओसोग्बोच सुचवेन, तेही ऑगस्टमध्ये, गर्दी सोसायची तयारी ठेवून.