व्हर्च्युअल रेसच्या ऑफर्स: इंग्लंडमधल्या बुकीची ‘फ्री बेट’ खरंच किती फ्री?

हे सगळं यूकेमधल्या लायसन्सवाल्या बुकींच्या ॲपबद्दल आहे, आधीच सांगून टाकतो. भारताचा विषय खाली वेगळा घेतलाय, तो वाचल्याशिवाय कुणी कमेंटमध्ये लिंक मागू नका प्लीज.

व्हर्च्युअल म्हणजे कॉम्प्युटरवर पळणारे घोडे, ग्रेहाउंड कुत्रे, नाहीतर फुटबॉलची मॅच. दर दोन-तीन मिनिटांनी नवी रेस, रात्री तीनला उठून बघितलं तरी चालूच. निकाल रँडम नंबर जनरेटर काढतो आणि आपण जे ॲनिमेशन बघतो ती नुसती सजावट. हाय स्ट्रीटवरच्या लॅडब्रोक्स किंवा विल्यम हिलच्या दुकानात शिरलात तर खऱ्या रेसेसच्या मधल्या वेळात भिंतीवरच्या स्क्रीनवर हेच पळत असतं. महालक्ष्मीला रेस खेळलेल्या माणसाला इथे पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण पॅडॉकमध्ये जाऊन घोडा बघणं, जॉकी कोण, वजन किती, ट्रॅक ओला आहे का, आतली टिप काय, यातलं काहीच लागू नाही. काही ॲपमध्ये घोड्याच्या नावापुढे ‘फॉर्म’चे आकडे आणि स्टार दाखवतात पण त्यावरून तुम्हाला भावापेक्षा जास्त काही कळत नाही. भाव हीच एकमेव माहिती, आणि तो भाव बुकीने लावलेला.

आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना हा प्रकार कळला तो लॉकडाऊनमध्ये. २०२० ला खरी ग्रँड नॅशनल (इंग्लंडमधली घोड्यांची प्रसिद्ध रेस) रद्द झाली आणि ४ एप्रिलला आयटीव्हीने तिच्या जागी व्हर्च्युअल ग्रँड नॅशनल दाखवली. लाखो लोक टीव्हीसमोर. पॉटर्स कॉर्नर नावाचा घोडा १८/१ च्या भावाने लागला. त्या दिवशी बेटला १० पौंडांची मर्यादा होती आणि बुकींनी नफा एनएचएसच्या (इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या) चॅरिटीला दिला, २६ लाख पौंड जमले. (हीच सिस्टिम २०१८ ला टायगर रोल जिंकणार म्हणाली होती आणि खऱ्या रेसमध्येही तोच जिंकला, त्यामुळे काही लोकांना वाटतं यात काहीतरी लॉजिक शोधता येतं. ती वर्षातून एकदाची, खऱ्या घोड्यांचा डेटा घालून केलेली स्पेशल रेस होती, रोजच्या दोन मिनिटांच्या रेसेसशी तिचा संबंध नाही.)

आता मुद्द्याचं. यात ऑफर सोडून दुसरं काही रिव्ह्यू करण्यासारखं नाहीच, कारण नुसतं खेळायला गेलं तर गणित कायम बुकीच्या बाजूने आणि ते तुम्ही बदलू शकत नाही. खऱ्या क्रिकेट-फुटबॉलमध्ये निदान म्हणता तरी येतं की मला बुकीपेक्षा जास्त कळतं. इथे तो चान्सच नाही. म्हणून ऑफर बघायची तर आधी बुकीचा कट किती ते काढा. सेटिंगमध्ये जाऊन भाव फ्रॅक्शनवरून डेसिमलवर आणा (३.०० म्हणजे १ पौंड लावून लागला तर लावलेला धरून ३ परत) आणि प्रत्येक भावाने एकाला भागून बेरीज करा. उदाहरणाला सहा कुत्र्यांची एक रेस घ्या, भाव ३.००, ४.५०, ५.००, ६.००, ७.०० आणि ९.००. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज येते १.१७६, म्हणजे ११७.६ टक्के. सरळ भाषेत, असे भाव असतील तर १०० पौंड लावणाऱ्याला सरासरी ८५ परत मिळतात, १५ गेले. तुमच्या स्क्रीनवरचे भाव वेगळे असतील, पण ही बेरीज केल्याशिवाय ऑफरला हात लावू नका, कारण पुढचं सगळं त्या एका आकड्यावर आहे.

फ्री बेटमध्ये लागलं तर फक्त जिंकलेली रक्कम मिळते, लावलेले पैसे परत येत नाहीत. हे जाहिरातीत लिहिलेलं असतं पण लोक वाचत नाहीत. त्यामुळे ५ पौंडांची फ्री बेट म्हणजे ५ पौंड कधीच नसतात. वरच्याच रेसमध्ये ती ३.०० वाल्या फेवरिटवर लावली तर सरासरी किंमत निघते २ पौंड ८३ पेन्स, आणि तीच ९.०० वाल्या आउटसायडरवर लावली तर ३ पौंड ७८ पेन्स. एकच फ्री बेट, एकच रेस आणि जवळपास एका पौंडाचा फरक. म्हणजे फ्री बेट कायम लांबच्या भावावर. आपल्याकडे उलटी सवय, ‘फ्रीची आहे तर सेफ लावू’, आणि तिथेच माणूस गंडतो. हो, लांबच्या भावावर बहुतेक वेळा काहीच हाती येत नाही, हेही आधीच मनाशी धरून चाला.

याच्यावरून एक ढोबळ हिशोब बसतो. ऑफर मिळवायला जेवढी बेट लावायला सांगतात त्याचे १५ टक्के तुमचा खर्च धरा, आणि फ्री बेटची किंमत दर्शनी रकमेच्या ७५ टक्के धरा. म्हणजे जेवढं लावायचं त्याच्या निदान एक पंचमांश फ्री बेट मिळाली तर कुठे बरोबरी. ‘व्हर्च्युअलवर १० लावा, २ ची फ्री बेट मिळवा’ म्हणजे बरोबर शून्य, नुसती करमणूक. ‘आठवड्यात २५ लावा, ५ मिळवा’, तेही शून्य, फक्त दिसायला मोठं. १० वर ५ मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, सव्वादोन पौंडांचा फायदा, कॉफीचा खर्च निघाला. आणि २० वर २ मिळवा असली जी असते ना, ती म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणं, आणि आवळा पण आपल्याच परसातला.

प्राइस बूस्टचं पण असंच. ५.०० चा भाव ६.०० करून दिला तर १५ टक्के कट असलेल्या रेसमध्ये तुम्ही शंभराला १०२ वर येता, म्हणजे कसंबसं काठावर. ५.०० चा ५.५० केला तर ते बूस्ट नाव देऊन तुम्हाला थोडं कमी लुटणं झालं. शिवाय बूस्टला जास्तीत जास्त किती लावायचं याची मर्यादा असते, ती बेट स्लिपमध्ये रक्कम टाकेपर्यंत कळत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे वेजरिंगवाला बोनस. १० पौंड बोनस देतात, पण तो काढायच्या आधी अमुक पट फिरवायचा. पूर्वी ३५ पट, ४० पट सर्रास असायचं. जानेवारी २०२६ पासून गॅम्बलिंग कमिशनने (बुकींना लायसन्स देणारी इथली सरकारी संस्था) १० पटीवर कॅप लावलाय, लोक खूश झाले, पण गणित करा की राव: १० पौंड गुणिले १० म्हणजे १०० पौंड फिरवायचे, त्यावर १५ टक्के गेले तर १५ पौंड. १० च्या बोनससाठी १५. फिरवता फिरवता बोनस मधेच संपून जातो आणि ॲपवर मोठ्या अक्षरात ‘बोनस पूर्ण झाला’ असलं काहीतरी येतं. कमी कट असलेल्या खेळात १० पट चालून जाईलही, व्हर्च्युअलमध्ये नाही.

त्याच नियमात अजून एक बरी गोष्ट झाली, ‘स्पोर्ट्सवर बेट लावा आणि कसिनोचे स्पिन मिळवा’ असल्या मिसळ ऑफर्स बंद झाल्या. एका प्रकारच्या खेळावरून दुसऱ्यावर ओढायची ती युक्ती होती.

शोधायच्या कुठे? गुगलवर ‘बेस्ट व्हर्च्युअल ऑफर्स’ टाकलं की जी तुलनेची पानं येतात त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. ती अफिलिएट लोकांची, तुम्ही त्यांच्या लिंकवरून गेलात की त्यांना कमिशन, आणि काहींचं डील तर असं की तुम्ही जेवढे हरणार त्यात त्यांचा वाटा. मग पहिल्या नंबरवर कोण असणार ते तुम्हीच ओळखा. संपलेल्या ऑफर्स तशाच पडून असतात, आणि मोठ्या अक्षरातली ‘१० लावा ३० मिळवा’ उघडून बघावी तर बारीक अक्षरात ‘व्हर्च्युअल्स वगळून’. नवीन ग्राहकाच्या मोठ्या ऑफर्स बहुतेक खऱ्या खेळांसाठी असतात. बेस्ट ऑड्स गॅरंटीड (बेट लावल्यावर सुरुवातीचा भाव वाढला तर वाढीव भावाने पैसे) पण व्हर्च्युअलला नसतं, आणि एक्स्चेंजवर (जिथे लोक एकमेकांविरुद्ध बेट लावतात) समोरून ले करायला, म्हणजे ‘हा हरेल’ अशी उलटी बेट लावायला, मार्केटच नाही, त्यामुळे दोन्हीकडे बेट लावून फ्री बेटचे पैसे पक्के करणाऱ्या मॅच्ड बेटिंगवाल्या मित्रांची नेहमीची आयडिया इथे चालत नाही. त्यापेक्षा ॲपमध्ये व्हर्च्युअलच्या लॉबीत शिरा, वरच्या बॅनरवर किंवा प्रमोशन्सच्या टॅबमध्ये जे असतं तेवढंच खरं. आणि ‘ऑप्ट इन’चं बटण आधी दाबायचं, मग बेट. उलट केलं तर काही मिळत नाही.

सर्व्हिसबद्दल एक किस्सा. एका बुकीच्या (नाव घेत नाही) ॲपवर बॅनर होता, व्हर्च्युअल स्पोर्ट्सवर १० पौंड लावा, ५ ची फ्री बेट. मी व्हर्च्युअल फुटबॉलवर लावले, ऑप्ट इन आधीच केलेलं, किमान भावाची अट पण पाळलेली, तरी फ्री बेट काही आली नाही. चॅटवर गेलो तर समोरचा म्हणाला ही ऑफर फक्त घोडे आणि कुत्र्यांसाठी आहे. मी म्हटलं बॅनरवर तसं कुठे लिहिलंय, स्क्रीनशॉट पाठवला, तर त्याने तोच पॅरेग्राफ परत पेस्ट केला, मी परत विचारलं, त्याने परत पेस्ट केला, असं बराच वेळ चाललं. शेवटी मी लिहिलं की ही फॉर्मल तक्रार समजा, मग सुपरवायझर आला आणि ‘गुडविल’ म्हणून फ्री बेट दिली. म्हणजे ‘फॉर्मल तक्रार’ हे दोन शब्द पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. कंपनीला तक्रार मिटवायला आठ आठवडे असतात, त्यानंतर आयबास किंवा त्या कंपनीने नेमलेल्या दुसऱ्या लवाद संस्थेकडे फुकट जाता येतं. बॅनरचा स्क्रीनशॉट मात्र बेट लावायच्या आधी काढून ठेवा, बॅनर गायब व्हायला वेळ लागत नाही.

आता भारत. व्हॉट्सॲपवर पुतण्या विचारतो, ‘काका, तिकडचं अकाउंट उघडून देतोस का, इथे टेलिग्रामवर ५०० टक्के बोनस मिळतोय तो घेऊ का?’ दोन्हीचं उत्तर नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, कौशल्याचे असोत की नशिबाचे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, बँकांनी पैसे पुढे पाठवायचे नाहीत. ड्रीम इलेव्हननेसुद्धा पैशांच्या काँटेस्ट बंद केल्या, मग हे टेलिग्रामवाले कोण? नुसतं खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, पण पैसे अडकले तर दाद कुणाकडे मागणार, तिथे ना आयबास ना गॅम्बलिंग कमिशन. गोव्यात मांडवीतल्या बोटींवरचे कसिनो कायदेशीर आहेत, ते गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने, आणि तिथे प्रत्यक्ष जावं लागतं. आणि इथलं माझं अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं म्हणजे अकाउंट बंद आणि आतले पैसे अडकले, ते मी पुतण्यासाठीच काय कुणासाठीच करणार नाही.

यूकेमधल्यांसाठी उरलेल्या बारीकसारीक गोष्टी. क्रेडिट कार्ड एप्रिल २०२० पासून चालत नाही, डेबिट कार्ड वापरा. ओळखपत्राची पडताळणी पहिल्याच दिवशी उरकून घ्या. जिंकलेल्या पैशावर इथे टॅक्स नाही. फ्री बेटची मुदत बऱ्याचदा सात दिवस, कधी कधी फक्त एक दिवस. मे २०२५ पासून मार्केटिंगला परवानगी खेळाच्या प्रकारानुसार आणि ईमेल, एसएमएस अशी वेगवेगळी द्यावी लागते, मी बेटिंगच्या ईमेलला हो म्हटलंय आणि कसिनो-बिंगोचं सगळं बंद ठेवलंय, फोन एकदम शांत. डिपॉझिट लिमिट अकाउंट उघडतानाच लावा. लिमिट वाढवायचं म्हटलं तर थांबावं लागतं, कमी करायचं तर लगेच होतं. आणि कुणाच्या हातून हे सुटत नसेल तर गॅमस्टॉपवर एकदा नाव नोंदवलं की लायसन्सवाल्या सगळ्या ऑनलाइन बुकींची दारं एकदम बंद होतात, कमीत कमी सहा महिने, मधेच मन बदललं तरी उघडत नाहीत.

रेटिंग द्यायचंच तर वेजरिंग नसलेल्या आणि पाचात एकपेक्षा जास्त देणाऱ्या फ्री बेटला पाचपैकी साडेतीन, बूस्टला दोन, वेजरिंगवाल्या बोनसला शून्य. तुलनेच्या वेबसाइट्सना मायनस द्यायची सोय असती तर दिलं असतं.